अशोकाचा खजिना उघड्यावर आहे

आमच्या पोरांना सम्राट अशोक पाहिजे. पाहिजेच. पण जो अशोक सध्या वस्तीवस्तीतून फिरतोय तो आला कुठून, हे एकदा तपासून घेतलं पाहिजे. जयंतीच्या भाषणात, विहाराच्या पायरीवरच्या गप्पांत, मोबाइलवर इकडून तिकडे ढकललेल्या मजकुरात एक गोष्ट सारखी कानावर येते. कलिंगाच्या युद्धानंतर म्हणे अशोकाने नऊ माणसं निवडली. त्यांच्या हवाली नऊ ग्रंथ केले. एकात गुरुत्वाकर्षणाचं रहस्य, एकात किमयेचं, एकात रोगजंतूंचं. ही नऊ माणसं कोण ते कुणालाच ठाऊक नाही. एक मेला की दुसरा त्याच्या जागी बसतो. आजही ते कुठेतरी आहेत आणि जगाचं ज्ञान कुलपात सांभाळून बसलेत. सांगणारा छाती फुगवून सांगतो, ऐकणारा टाळी देतो.

मी म्हणतो, ही गोष्ट आपल्या घरातली नाही. एकाही शिलालेखात ती नाही, एकाही पाली ग्रंथात नाही. फाहियान, ह्युएन त्संग चीनमधून पायी चालत आले, स्तूप न् स्तूप लिहून ठेवला, त्यांनाही हे नऊ जण भेटले नाहीत. ही गोष्ट खजिना शोधत फिरणाऱ्या गोऱ्या नायकाच्या झोळीतून पडलेली आहे. आपण ती उचलली आणि अशोकाच्या गळ्यात बांधली. तेव्हा ह्या नायकाची झडती घेणं भाग आहे.

१८९६ च्या सुमाराला अमेरिकेत फ्रँक मन्सी नावाच्या मालकाने आपलं 'आर्गसी' मासिक नुसत्या गोष्टींचं केलं आणि लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापायला घेतलं. किंमत दहा सेंट. लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, त्यावरून ह्या सगळ्या मासिकांचं नाव पडलं पल्प. कागद असा की थोड्या वर्षांत पिवळा पडून तुकडे व्हावेत. गिरणीतला मजूर, दुकानातला पोऱ्या, बोटीवरचा खलाशी हे त्याचे वाचक. हलक्या कागदाला मी नाक मुरडत नाही. आपण तर स्टेन्सिल कापून, हात काळे करून छापणारी माणसं. कागद हलका असला म्हणून विचार हलका होत नाही. प्रश्न असा आहे की त्या मजुराच्या हातात काय दिलं? दिवसभर मालकाने पिळून घेतलेल्या माणसाला रात्री एक स्वप्न दिलं. दूरच्या काळ्यासावळ्या मुलखात सोनं पुरलेलं आहे, तू फक्त जा आणि उचल.

नोव्हेंबर १९१० मध्ये 'ॲडव्हेंचर' नावाचं मासिक निघालं. पल्पातलं हे मानाचं मासिक. १९१२ पासून पंधरा वर्षं आर्थर सलिव्हंट हॉफमन त्याचा संपादक होता. ह्याने वाचकांसाठी 'शेकोटी' नावाचं सदर ठेवलं होतं. लेखक आणि वाचक तिथे गोळा होऊन बोलणार. दुसऱ्या सदरात वाचकाने विचारायचं, अमुक देशात शिकार कशी, तमुक डोंगरात वाट कुठली, आणि जाणकाराने उत्तर द्यायचं. म्हणजे गोष्ट कल्पनेची आणि शेजारी माहिती खरी. वाचकाला वाटणार, गोष्टही खरीच असेल. खोटं पचवायला खऱ्याचं तोंडीलावणं.

ह्या मासिकाचा एक लाडका लेखक टॅलबट मंडी. खरं नाव विल्यम लँकेस्टर ग्रिबन, जन्म लंडन १८७९. ब्रिटिश हिंदुस्थानात काही काळ काढला. मग पूर्व आफ्रिकेत गेला, तिथे चोरून हत्ती मारून हस्तिदंत विकला आणि पुढे तिथल्याच एका गावात सरकारी कारकून झाला. आपल्याकडचं कुणी उपाशी पोटी रानातून लाकडाची मोळी आणली तर त्याला गुन्हेगार म्हणून चौकीत बसवतात. गोऱ्याने हत्ती मारले तर त्याला कचेरीत खुर्ची मिळते. १९०९ मध्ये हा गडी न्यूयॉर्कला पोचला आणि लिहायला लागला. १९१९ मध्ये त्याची 'ॲडव्हेंचर'मधली एक मालिका टिप्पू टिपच्या हस्तिदंताच्या शोधाची होती. टिप्पू टिप हा झांझिबारचा खराखुरा व्यापारी. हस्तिदंत आणि गुलाम, दोन्हींचा धंदा. त्याने लपवलेला हस्तिदंताचा साठा शोधायला नायक आणि त्याचे दोस्त निघतात. त्या दातांमागे मेलेले हत्ती आहेत आणि ते दात खांद्यावरून समुद्रापर्यंत वाहून नेलेली माणसं आहेत. त्यांच्या पायात साखळ्या होत्या. पण खजिन्याच्या गोष्टीत हस्तिदंताचा मालक कोण, एवढाच प्रश्न असतो. वाहून नेणारा कोण, हा प्रश्नच नसतो.

आता १९२३. त्याच मासिकात, त्याच मंडीची मालिका आली, तिचं नाव 'नऊ अज्ञात'. पुढे तिचं पुस्तक झालं. गोष्ट अशी. हिंदुस्थानात हजारो वर्षं सोनं येत राहिलं, ते गेलं कुठं? नऊ अज्ञात माणसांनी दडवलंय. मग टोळी जमते. पुढारी अमेरिकन, त्याचं नाव जिमग्रिम. बरोबर आडदांड रॅमस्डेन, एक ऑस्ट्रेलियन, एक इंग्रज अधिकारी. आणि सिप्रियन नावाचा ख्रिस्ती पाद्री. वाटणी आधीच ठरते. सोनं टोळीला आणि नऊ ग्रंथ पाद्र्याला. पाद्री ग्रंथांचं काय करणार? जाळणार.

हे नीट ऐका. ज्या गोष्टीने आपली पोरं फुशारतात, त्या गोष्टीत ग्रंथ मिळवायचे ते जाळण्यासाठी. आणि टोळीतले देशी लोक कोण? एक शीख, शूर आणि इमानी. एक पठाण, सात पोरांचा बाप, सुरा काढायला सदा तयार. एक लठ्ठ बंगाली बाबू, बोलघेवडा, हसं व्हायला ठेवलेला. बाकी गल्लीबोळात कालीचे भक्त, अंधारात फास घेऊन उभे. इंग्रजाने खानेसुमारीच्या वेळी आपल्याला जसं खणाखणात भरलं, ही लढाऊ जात, ही भित्री जात, ही गुन्हेगार जात, तशीच ही पात्रं खणात भरलेली. आणि आपण? आपण त्यात कुठेच नाही. दिल्ली आहे, बनारस आहे, पण दिल्लीची गटारं साफ करणारा नाही, बनारसच्या घाटावर मढं जाळणारा डोम माणूस म्हणून नाही. ज्या देशात ही गोष्ट घडते त्या देशाचा पाचवा-सहावा हिस्सा गावाबाहेर राहतो, ह्याचा गंध नाही. ह्याच गोष्टीतल्या नऊ जणांचं मूळ आज अशोकाला नेऊन भिडवलंय. पुढे १९६० मध्ये पॉवेल आणि बर्जिए ह्या दोन लेखकांनी फ्रेंचमध्ये एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात नऊ जण, कलिंग आणि गुप्त ग्रंथ ह्यांची गोळाबेरीज इतिहासासारखी मांडली आणि तिथून ती जगभर फिरली. पल्पातली गोष्ट चाळीस वर्षांत इतिहास झाली.

हा नायक एकट्या मंडीचा नाही. त्याचा बाप रायडर हॅगर्डच्या १८८५ च्या कादंबरीत आहे, जो आफ्रिकेत राजा सॉलोमनच्या खाणी शोधतो. म्हणजे संपत्ती आफ्रिकेची, पण पुरणारा राजा बाहेरचा पाहिजे. काळ्या माणसाने काही मोठं उभं केलं असेल हे त्याला पटतच नाही. आणि हे कागदावर राहिलं नाही. ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती बघून गोऱ्या वसाहतवाल्यांनी हेच म्हटलं, की हे ह्यांच्या बापजाद्यांनी बांधलेलं नव्हे. १८९५ मध्ये तिथले जुने अवशेष खणून सोनं काढायला रीतसर कंपनी निघाली. इतिहास खणून फेकला आणि सोनं तेवढं वेचलं. १९०५ मध्ये मॅकिव्हर ह्या संशोधकाने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ह्या बाईने दाखवून दिलं की हे काम आफ्रिकन माणसांचंच. गोऱ्या सत्तेला ते पचलं नाही. शेवटी १९८० मध्ये त्या माणसांनी देश सोडवला आणि देशाला नाव दिलं त्याच भिंतींचं. दलित पँथरचं नाव काळ्या माणसाच्या लढ्यातून घेतलेल्या आपल्याला हे निराळं समजावून सांगायला नको.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे खजिनाशोध्या पल्पाच्या शंभर वर्षं आधी आला, आणि तो नेहमी गोराच होता असंही नाही. १७९४ मध्ये बनारसच्या जगतसिंगाच्या माणसांनी सारनाथचा धर्मराजिका स्तूप विटांसाठी पाडला. हा जगतसिंग म्हणजे राजा चेतसिंगाचा दिवाण. आतून दगडी पेटी निघाली, तिच्यात अस्थी होत्या. त्या अस्थी गंगेत टाकल्या. जिथे बुद्धाने पहिलं प्रवचन दिलं त्या जागेच्या विटा बाजार बांधायला गेल्या. १८२२ मध्ये सांचीचा मोठा स्तूप कॅप्टन जॉन्सन नावाच्या अधिकाऱ्याने फोडून पाहिला. आत माती आणि विटा. स्तूपाला मात्र भगदाड. त्याला कळलंच नाही की स्तूप ही तिजोरी नव्हे. १८९८ मध्ये पिप्रहव्याला पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला स्तूप खणला. अस्थी, कलश, सोन्याची फुलं, रत्नं निघाली. बराच भाग कलकत्त्याच्या म्युझियमला गेला, अस्थी सयामच्या राजाला गेल्या, आणि काही रत्नं पेपेच्या घराण्याकडे राहिली. एकशेसत्तावीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ती रत्नं हाँगकाँगला लिलावाला काढली. भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलै २०२५ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाने ती घेतल्यावर रत्नं देशात परत आली. आली ते बरं झालं. पण जी वस्तू शाक्यमुनीच्या अस्थींबरोबर श्रद्धेने ठेवली होती तिला मालक असतो, भाव असतो, हातोडा असतो, हे ह्या खजिनाशोध्या नायकाने जगाला शिकवलं. ह्या सगळ्या उत्खननांत कुदळ कुणी मारली? पाट्या कुणी वाहिल्या? मुकादमाने किती रोज दिला? पुस्तकात नाव साहेबाचं.

तुम्ही म्हणाल, हे गावात कुठे आहे? आहे. गावात त्याला गुप्तधन म्हणतात. वाड्याच्या पडक्या भिंतीत हंडा आहे, त्यावर नाग बसलाय, नागाला बळी पाहिजे. १९७२ ते १९७४ मध्ये परभणी जिल्ह्यात मानवतला बाया आणि लहान मुली मारल्या गेल्या, त्या प्रकरणात गुप्तधन होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पडला, त्यानंतर कुठे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि त्या कायद्याला गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचं नाव घ्यावं लागलं. कादंबरीतला नायक नकाशा घेऊन निघतो, गावातला मांत्रिक लिंबू घेऊन निघतो. दोघांचं म्हणणं एकच, की धन घाम गाळून तयार होत नाही, ते पुरलेलं असतं, आणि त्याच्या वाटेत दुबळ्याचा जीव गेला तर चालतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नऊ माणसांनी ज्ञान कुलपात ठेवलं, बाकीच्यांनी विचारायचं नाही, कारण बाकीचे त्या ज्ञानाच्या लायकीचे नाहीत. ही मांडणी कुणाची आहे? आपल्या बापजाद्यांनी ती दोन हजार वर्षं अंगावर झेलली आहे. वेद ऐकला तर कानात शिसं ओता, असं सांगणारं शास्त्र हेच म्हणत होतं. ज्ञान मूठभरांचं, बाकीच्यांच्या हाती गेलं तर जग बुडेल. हेच ब्राह्मण्य. त्याला मौर्यांचा मुकुट घातला म्हणून ते बौद्ध होत नाही. बुद्धाने तर आयुष्याच्या शेवटी आनंदाला स्पष्ट सांगितलं की आपल्याकडे गुरूची झाकली मूठ नाही. आतलं-बाहेरचं असा भेद न करता सगळं सांगून टाकलं. भिक्खूंना लोकांच्या बोलीत धम्म शिकायची मोकळीक दिली. त्या बुद्धाचा उपासक नऊ जणांची गुप्त मंडळी काढेल?

एका अभ्यासवर्गात मी हे बोललो तेव्हा मागून एक पोरगा उठला. शिकलेला, चळवळीत राबणारा. म्हणाला, "दादा, गोष्ट खोटी असली तरी पोरांना अभिमान वाटतो ना? त्यांच्याकडे पुष्पक विमानं आहेत, आपल्याकडं कायतरी नको?" मी म्हटलं, त्यांच्या विमानाला आपलं विमान हे उत्तर नाही बाबा. त्यांचं विमान उडत नाही, म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला पायी चालायला शिकवलं. खोट्यावर उभा केलेला अभिमान पहिल्या शहाण्या माणसाने प्रश्न विचारला की कोसळतो, आणि कोसळताना खऱ्या अशोकालाही खाली घेऊन जातो. उद्या कुणी म्हणेल, ह्यांचा अशोक पण ह्यांच्या नऊ जणांसारखाच. तेव्हा काय दाखवणार?

दाखवायला आहे. भरपूर आहे, आणि सगळं उघड्यावर आहे. अशोकाने लिहिलं ते डोंगराच्या दगडावर, रस्त्याच्या कडेला, यात्रेच्या वाटेवर. लोकांच्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. वायव्येला खरोष्ठी चालायची, तिथे खरोष्ठीत. कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक वाचणारे होते, तर त्यांच्या भाषेत. ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? धौली आणि जौगढच्या लेखांत हुकूम आहे की ठरल्या दिवशी हे लोकांना वाचून दाखवा, ऐकणारा एकच माणूस असला तरी त्याला ऐकवा. हा गुप्त मंडळी काढणारा राजा? आणि कलिंगाचं म्हणाल, तर कथेतला अशोक कलिंगानंतर ज्ञान लपवतो, खरा अशोक कलिंगानंतर स्वतःचा गुन्हा दगडावर कोरतो. लाख माणूस मारलं, दीड लाख हुसकून नेलं, त्याच्या कितीतरी पट मेलं, हे त्याने तेराव्या लेखात स्वतः सांगितलं. कुठला राजा, कुठलं सरकार आपल्या हातून मेलेल्यांचा आकडा चौकात कोरून ठेवतं?

आणखी एक सांगतो. लेखांतला हा राजा स्वतःला देवांचा प्रिय, प्रियदर्शी म्हणवायचा. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली, सिंहलच्या ग्रंथांवरून हा अशोकच असं ठरलं. पण त्याच्या स्वतःच्या लेखांत 'अशोक' हे नाव पहिल्यांदा सापडलं १९१५ मध्ये, निजामाच्या मुलखात मस्कीला, रायचूर भागात. सापडलं कुणाला? बीडन नावाच्या इंजिनियरला. तो कशासाठी फिरत होता? सोन्याच्या खाणी शोधायला. मंडीच्या मालिकेच्या आठ वर्षं आधी खराखुरा सोनंशोध्या अशोकाच्या खऱ्याखुऱ्या दगडापुढे उभा राहिला. त्या दगडावर किमया नव्हती, सोन्याचा नकाशा नव्हता. त्यावर एवढंच होतं की धम्माला लागलेला लहान माणूसही हे साधू शकतो, हे फक्त मोठ्यांनाच जमतं असं समजू नका. लहान माणूस, म्हणजे तुम्ही न् मी. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याला उद्देशून कोरलेलं वाक्य दगडावर उन्हात पडलंय, आणि आपण अमेरिकन लगद्यातले नऊ भूतं डोक्यावर घेऊन नाचतोय.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जयंतीच्या भाषणातून हे नऊ अज्ञात हाकला. अशोकावर बोलायचं असेल तर आधी त्याचे लेख वाचा, मराठीत भाषांतरं आहेत. ब्राह्मी शिका. आपल्या आजीने साठीत सही शिकली, आपल्याला महिन्याभरात ब्राह्मी यायला काय हरकत आहे? प्रत्येक विहारात एक फळा लावा आणि आठवड्याला एक लेख त्यावर लिहा, लहान पोरांकडून वाचून घ्या. लेणी बघायला जाल तेव्हा फोटो काढून परत फिरू नका, दान कुणी दिलं ते भिंतीवर वाचा. तिथे राजांच्या बरोबरीने लोहार, सुतार, माळी, व्यापारी, भिक्खुणी आपलं नाव कोरून गेलेत. खणणाऱ्याचं नाव गाळणाऱ्या पुस्तकांना हे उत्तर आहे.

आणि लांब जायला नको. मुंबईच्या वरच नालासोपारा आहे. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये नवव्याचा. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच वर्षी. त्या आठव्या लेखाचा विषय ठाऊक आहे? पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. अशोक सांगतो, ते आता बंद. आता धम्मयात्रा. म्हाताऱ्यांना भेटायचं, त्यांना सोनं द्यायचं, खेड्यातल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं. सोनं कसं शोधायचं ह्यावर अशोकाचा एकही लेख नाही. सोनं कुणाला द्यायचं ह्यावर आहे. तुमच्या गावात किती म्हाताऱ्यांची पेन्शन तहसीलच्या फायलीत अडकली आहे? किती कुटुंबांच्या गायरान जमिनीचा दाखला नाही? खजिना तिथे पुरलाय. कुदळ घ्या आणि कचेरीकडे चला.

जय भीम.